अश्रूंचा बाजारभाव

मूल आक्रोश करते, परंतु डोळ्यांतून टिपूस येत नाही. ही कविकल्पना नव्हे. स्वायत्त मज्जासंस्थेच्या या आनुवंशिक विकाराचे वर्णन १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये रायली व डे या डॉक्टरांनी केले. तो मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत आढळतो. डोळे कोरडे, बुबुळावरील पारदर्शक पटलाची संवेदना मंद. व्रण पडला तरी मुलास धड कळत नाही आणि दृष्टी धोक्यात येते. जगभरातील असे रुग्ण शेकड्यांत मोजावेत इतकेच.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे शिकविले की, मागणी म्हणजे क्रयशक्तीचे पाठबळ असलेली इच्छा. या व्याख्येत ही मुले बसत नाहीत. त्यांची गरज आहे, मागणी नाही!

यावर अमेरिकेने १९८३ साली 'अनाथ औषध कायदा' केला. दोन लाखांहून कमी रुग्णांच्या रोगावर औषध आणणाऱ्या कंपनीस करसवलत व सात वर्षांची मक्तेदारी मिळाली. नफ्याच्या आमिषाविना संशोधन होत नाही, असे त्याचे समर्थक सांगतात. इतिहास काय सांगतो?

मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशकायद्यांनी विद्यापीठाबाहेर काढलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चीनी घरातील खोलीत प्रयोग करीत राहिल्या. पुढे १९५० च्या दशकात सेंट लुईसच्या विद्यापीठात त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी मज्जातंतूंच्या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनाचा शोध लावला. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली इटालियन नेत्रतज्ज्ञांनी याच प्रथिनाच्या थेंबांनी बारा रुग्णांच्या संवेदनाहीन डोळ्यांतील व्रण बरे केल्याचे प्रसिद्ध केले. यांपैकी कोणास मक्तेदारीचे आमिष होते?

२०१८ साली अमेरिकेत अशा व्रणांवर 'सेनेजर्मिन' या नावाने हे थेंब मान्य झाले. आठ आठवड्यांच्या उपचाराची किंमत सुमारे एक लाख डॉलर! निर्मितीचा व चाचण्यांचा खर्च कंपनीने सोसला, हे मान्य. परंतु मूळ ज्ञानाची पेरणी विद्यापीठांनी करावी आणि सुगी एकट्या भांडवलाने न्यावी, हा कुठला न्याय?

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेवर पेटंट होते, औषधावर नव्हते. म्हणून येथे औषधे स्वस्त झाली. २००५ साली जागतिक व्यापार कराराखातर ती ढाल आपण खाली ठेवली. सार्वजनिक संशोधनातून निघालेल्या औषधाच्या किमतीवर सार्वजनिक नियंत्रण हवे आणि जेथे बाजार पाठ फिरवतो तेथे उत्पादन शासनाने करावे, ही मागणी आपण धरली पाहिजे. ज्यांना रडताही येत नाही, त्यांच्या वतीने बोलणे हे समाजवाद्यांचे पहिले काम आहे.