जहाजाचा दिन झाला, खलाशाचा केव्हा?

दरवर्षी ५ एप्रिल रोजी आपला देश राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. १९१९ साली याच दिवशी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीस स्वदेशी भांडवलाने दिलेले ते आव्हान होते. त्या धाडसाचे एक सूत्रधार वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि, त्या जहाजाच्या भट्टीत कोळसा ओतणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव कोणास ठाऊक आहे काय?

कोणी म्हणेल, नगर जिल्ह्यास समुद्र नाही. ही उठाठेव कोकणाने करावी. हे आम्हांस मान्य नाही. आपल्या उसाला व कांद्याला लागणारे पोटॅश परदेशातून येते. आपल्या कढईतले पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते. देशाच्या परकीय व्यापारातील नव्वद टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो-येतो. ज्याच्या श्रमावर आपले शेत पिकते व चूल पेटते, तो खलाशी आपला शेजारी नव्हे काय?

या शेजाऱ्याची कहाणी दुःखाची आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी प्राणांस मुकले. २०२० च्या महामारीत जगभरातील सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले. २०२४ साली मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी होती. पगार थकलेला, शिधा संपत आलेला आणि घरी परतण्याची सोय नाही, अशी ही अवस्था!

२५ जूनला जागतिक खलाशी दिन असतोच, असेही सांगितले जाईल. परंतु दिनांची उणीव आहे, असे आमचे म्हणणेच नाही. भारताने २०१५ साली आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार मान्य केला. टाकून दिलेल्या खलाशाचे चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन व परतीचा प्रवास यांची हमी त्या करारात आहे. उणीव आहे ती हिशेब मागण्याची. म्हणून आमची मागणी साधी आहे. ५ एप्रिलला मान्यवरांच्या छातीवर व्यापारी नौदलाचा चिमुकला ध्वज लावताना शासनाने जाहीर करावे की, आपले किती खलाशी कोठे अडकले आहेत, त्यांचे किती वेतन थकले आहे आणि किती लबाड दलालांवर कारवाई झाली. एवढे झाले नाही, तर तो ध्वज केवळ दागिना ठरेल.

मात्र शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा खलाशांसाठी राखून ठेवते. त्या दिवशी आपल्या किती चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते? संत पौलाचे जहाज माल्टाजवळ फुटले, तेव्हा त्यावर २७६ माणसे होती. प्रेषितांच्या कृत्यांत शताधिपती यूल्याचे नाव आहे. खलाशांपैकी एकाचेही नाही. दोन हजार वर्षांचे हे विस्मरण आता तरी संपवू या.