आपल्याच अंगातले बिऱ्हाडकरू

परवा दुपारी शाळेतून घरी आले, तो नणंद दारात उभी. तिसरा महिना लागलेला, कडेवर दोन वर्षांचा मुलगा, आणि डोळे रडून सुजलेले. हातात रक्ततपासणीचा कागद. "वहिनी, माझ्या अंगात विषाणू निघाला!" एवढंच म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कागदावरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे माहेराहून आणलेलं दुखणं."

संध्याकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि चक्क हसल्या. सायटोमेगॅलो नावाचा हा विषाणू. आपल्या देशात बहुतेक साऱ्या बायकांना तो लहानपणीच कधीतरी होऊन गेलेला असतो. पुष्कळदा कळतही नाही. मग तो अंगातच मुक्काम ठोकतो. 'आयजीजी पॉझिटिव्ह' म्हणजे ही जुनी ओळख. 'आयजीएम' मात्र निगेटिव्ह होतं, म्हणजे नव्या लागणीची खूण नव्हती. "तुझ्या सासूबाईंचं रक्त तपासलं, तर त्यांचंही बहुधा हेच येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. (हे घरी सांगायचं की नाही, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही!)

मैत्रिणींनो, असे बिऱ्हाडकरू आपल्या अंगात कितीतरी असतात. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. १९९७ साली जपानात सापडलेला टीटी विषाणू तर बहुतेक धडधाकट माणसांच्या रक्तात असतो. त्याने अमुक एक रोग होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. सगळ्यांत नवल वाटलं ते वारेचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरलेल्या एका विषाणूचं जनुक आपल्यातच मुरलं, आणि वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळायचं काम आज तेच करतं! हे २००० साली उलगडलं.

पण बिऱ्हाडकरू जुना म्हणून बेफिकीर राहायचं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी बजावलं. गरोदरपणात हा सायटोमेगॅलो पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच दुसरा भाऊबंद बाहेरून येतो. पहिल्यांदाच लागण होण्यापेक्षा धोका पुष्कळ कमी, पण क्वचित बाळाच्या कानांवर परिणाम होतो. तो येतो बहुधा लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून. म्हणून दुपटी-लंगोट बदलल्यावर, शेंबूड पुसल्यावर साबणाने हात धुवायचे. मुका घ्यायचा तो कपाळाचा, ओठांचा नाही. आणि मुलाचं उष्टं खायचं नाही.

इथेच नणंद अडली. चिमण्याच्या ताटलीत उरलेले वरणभाताचे चार घास टाकवतात का कुणाला? आपण सगळ्याच ते तोंडात टाकतो.

"मग ताटली संपवायची कुणी?"

म्हटलं, "आधी थोडंच वाढ. आणि उरलंच, तर त्याचे बाबा आहेत की!"