आधी अर्ज, मग लोकवर्गणी

डिसेंबर २०१५ मध्ये येकुतिएल शर्मन या इस्रायली उद्योजकाने 'किकस्टार्टर' या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आपले उत्पादन लोकांपुढे ठेवले. दिसायला स्मार्टफोनचे कव्हर, पण उलगडले की त्याचीच सेल्फी स्टिक होते. नाव 'स्टिकबॉक्स'. वर्षभर खपून त्याने डिझाइन बसवले होते, व्हिडिओ तयार केला होता, घरच्यांचे पाठबळ मिळवले होते. मोहीम सुरू झाली आणि आठवडाभरातच 'अलीएक्सप्रेस' या चिनी विक्री-संकेतस्थळावर तशीच कव्हरे विक्रीला लागली. काही तर दहा डॉलरला, म्हणजे शर्मनने ठरवलेल्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त. काही विक्रेत्यांनी नावसुद्धा 'स्टिकबॉक्स'च ठेवले. शर्मनचा माल अजून कारखान्यातून बाहेर पडायचा होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे भरलेले लोक परतावा मागू लागले होते.

ही गोष्ट चिनी कारखान्यांच्या चलाखीची म्हणून सांगितली जाते. त्यात तथ्य आहेच. पण लोकवर्गणीच्या मोहिमेचे पान नीट पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. त्या पानावर वस्तूचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो असतात, ती कशी चालते याचा व्हिडिओ असतो, मापे असतात, किंमत असते. शिवाय किती लोकांनी किती पैसे लावले, याचा आकडा सगळ्या जगाला दर मिनिटाला बदलताना दिसतो. कुठल्याही कारखानदाराला आणखी काय हवे? कोणती वस्तू खपेल, हे शोधण्याचा खर्चही त्याला पडत नाही. आणि हातचे राखून दाखवण्याची सोय फारशी नसते. किकस्टार्टरने २०१२ मध्येच संगणकावर रंगवलेली चित्रे नाकारून प्रत्यक्ष चालणारा नमुना दाखवण्याची अट घातली. देणगीदाराच्या दृष्टीने ती अट योग्यच आहे. पण त्यामुळे मोहीम सुरू करणे म्हणजे चालते यंत्र चौकात मांडणे, हे उद्योजकाने ओळखून असले पाहिजे.

२०१६ चे 'फिजेट क्यूब'चे उदाहरण तर याहून बोलके आहे. अमेरिकेतल्या दोन भावांनी हाताला चाळा म्हणून बटणे, कळा, चाके असलेला एक छोटा ठोकळा तयार केला. मागितले होते १५ हजार डॉलर, जमले ६४ लाखांच्या वर. दीड लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरले. एवढ्या मागणीला पुरा पडेल इतका माल तयार होईपर्यंत नकली ठोकळे दुकानांत आणि संकेतस्थळांवर पसरलेही. इथे मोहिमेचे यशच नकलाकारांचे निमंत्रण ठरले.

नक्कल झाली की विक्री बुडते, हे कुणालाही कळते. कायद्यातला तोटा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तो जास्त खोल असतो. भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार शोध 'नवा' हवा. नवा म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी तो भारतात किंवा जगात कुठेही प्रसिद्ध झालेला किंवा वापरात आलेला नसावा. प्रसिद्ध कुणी केला, याला सर्वसाधारणपणे महत्त्व नाही. संशोधकाने स्वतःच आपल्या मोहिमेत यंत्राची रचना उघड केली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केला, तर त्याचेच पान त्याच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्सभेत वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. लोकवर्गणीचे संकेतस्थळ त्यात बसत नाही. युरोपात तर याहून कडक नियम आहे. अमेरिकेत संशोधकाला स्वतः केलेल्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची मुदत मिळते. पण अमेरिकी ब्लॉग वाचून 'आधी मोहीम, मग पेटंट' असे ठरवणारा पुण्याचा किंवा नाशिकचा तरुण आपल्या देशातला हक्क गमावून बसतो आणि बहुतेक वेळा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

वस्तूच्या बाह्य रूपाचा, म्हणजे डिझाइनचा, कायदाही तसाच. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे आधी जाहीर झालेल्या डिझाइनची नोंदणी होत नाही. युरोपातही एका मर्यादेनंतर हेच होते. 'पुमा' कंपनीला याची मोठी किंमत मोजावी लागली. गायिका रिहानाने डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोंत तिच्या पायात पुमाचे जाड तळव्याचे बूट दिसत होते. पुमाने त्या बुटांच्या डिझाइनचा अर्ज केला २०१६ मध्ये. युरोपीय कायद्यात डिझाइनसाठी वर्षभराची सवलत आहे, पण तीही तोपर्यंत उलटून गेली होती. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ती नोंदणी रद्द ठरवण्याचा निर्णय कायम केला. वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपनीचे हे झाले. तीन मित्रांच्या स्टार्टअपने किती सावध असायला हवे?

'पेटंट म्हणजे लाखोंचा खर्च, तोच पैसा नसल्याने तर वर्गणी मागतोय,' असे उत्तर नवउद्योजकांकडून हमखास येते. ते अर्धेच खरे आहे. पेटंटचा पूर्ण प्रवास, त्यातही चार-पाच देशांतला, महाग असतो. पण पहिले पाऊल महाग नाही. भारतात तात्पुरत्या तपशिलासह, म्हणजे प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन जोडून, ऑनलाइन अर्ज करायला व्यक्तीला, मान्यताप्राप्त स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला १,६०० रुपये सरकारी शुल्क पडते. मोहिमेच्या व्हिडिओसाठी भाड्याने घेतलेल्या कॅमेऱ्याला याहून जास्त पैसे जातात. मसुदा लिहून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी. पण स्टार्टअपसाठी २०१६ पासून केंद्राची योजना आहे. तिच्यात नेमलेल्या सहायकांची फी सरकार देते.

या तात्पुरत्या अर्जाचे खरे मोल बारा महिन्यांच्या मुदतीत आहे. अर्जाची तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील त्यानंतर वर्षभरात द्यायचा असतो. परदेशात अर्ज करायचा तर त्यालाही तीच पहिली तारीख लागू करून घेता येते, मात्र तोही बारा महिन्यांच्या आत करावा लागतो. आता या मुदतीत लोकवर्गणीची मोहीम बसवून पाहा. तारीख हाती घेतली, दुसऱ्या आठवड्यात मोहीम सुरू केली, महिना-दीड महिन्यात निकाल लागला. लोकांनी पाठ फिरवली, तर फार थोडक्या खर्चात ती वाट सोडता येते. लोक तुटून पडले, तर वर्गणी कोणत्या देशांतून आली हे समोर असते आणि कुठल्या देशात पेटंटवर पैसा घालायचा याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही. लोकवर्गणी आणि तात्पुरता अर्ज एकमेकांना इतके पूरक असताना मोहिमा अर्जाविना सुरू होतात, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे.

मात्र १,६०० रुपये भरले की झाले, असे नाही. तात्पुरत्या तपशिलात जे लिहिले तेवढ्यालाच ती तारीख मिळते. 'मधमाश्यांना त्रास न देता मध काढणारी पेटी' एवढेच अर्ध्या पानात लिहिले, तर कल्पनेचा उल्लेख झाला, शोध संरक्षित झाला नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्टुअर्ट आणि सीडर अँडरसन या पितापुत्रांनी नेमकी अशीच पेटी बनवली, 'फ्लो हाइव'. तिच्या चौकटीत प्लास्टिकची षटकोनी घरे अर्धवट तयार असतात आणि मधमाश्या ती मेणाने पुरी करून त्यात मध भरतात. चौकटीच्या टोकाला किल्ली घालून फिरवली की घरांच्या उभ्या रांगा किंचित वरखाली सरकतात. त्यामुळे घरे मधोमध तुटून नागमोडी वाट तयार होते आणि मध खालच्या पन्हळीतून बाहेर येतो. वरचे मेणाचे झाकण शाबूत राहते. किल्ली उलटी फिरवली की घरे पुन्हा जुळतात. संरक्षण मागायचे ते या सरकण्याचे. दहाएक वर्षे प्रयोग करून अँडरसन पितापुत्रांनी आधी पेटंटचे अर्ज केले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंडिगोगो'वर ७० हजार डॉलर मागितले. जमले एक कोटी वीस लाख डॉलरहून अधिक. नकला त्यांनाही चुकल्या नाहीत. फरक इतकाच की त्यांच्याकडे पेटंटभंगाचा आक्षेप घ्यायला आधार होता आणि तो त्यांनी जाहीरपणे घेतलाही.

परदेशी व्यासपीठावर जायचे म्हणून थेट अमेरिकेत पहिला अर्ज टाकण्याची घाई काही जण करतात. भारतात राहणाऱ्याला तसे करता येत नाही. कलम ३९ प्रमाणे आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते, नाहीतर पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते. हे न पाळल्यास भारतातला अर्ज सोडून दिला असे मानले जाते.

पेटंट आपले आपण मिळवले, तरी दुसऱ्याच्या पेटंटवर पाय पडत नाही ना, हे पाहायचे राहतेच. एमआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या 'फॉर्मलॅब्स'ने २०१२ च्या शरदात थ्रीडी प्रिंटरसाठी २९ लाख डॉलरहून अधिक वर्गणी गोळा केली. नोव्हेंबरमध्ये 'थ्रीडी सिस्टिम्स' या जुन्या कंपनीने पेटंटभंगाचा दावा ठोकला. त्यात फॉर्मलॅब्सबरोबर किकस्टार्टरलाही प्रतिवादी केले. दोन वर्षांनी तडजोड झाली ती निव्वळ विक्रीच्या आठ टक्के स्वामित्वधन देण्याच्या अटीवर. फॉर्मलॅब्स टिकली आणि वाढली. पण वर्गणीचा आकडा जाहीर होईपर्यंत गप्प असलेला पेटंटधारक तो आकडा पाहून जागा होतो, हे ध्यानात ठेवायला हवे. जुनी पेटंटे शोधण्याची सोय भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. दोन-चार रात्री त्यात घालवणे परवडते.

पेटंट प्रत्येकाच्या कामाचे नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही, त्यामुळे ॲपवाल्यांना कोडचा कॉपीराइट, काही गुपिते आणि नाव यांवरच भिस्त ठेवावी लागते. कल्पनेला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. नाव मात्र कुणालाही राखता येते. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि स्टार्टअपसाठी ४,५०० रुपये लागतात आणि माल चीनमध्ये बनवून घ्यायचा असेल तर तिथे वेगळा अर्ज करणे शहाणपणाचे, कारण तिथे साधारणपणे जो आधी अर्ज करील त्याचे नाव. आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. लोगो किंवा कोड एखाद्या फ्रीलान्सरकडून करून घेतले आणि लेखी हस्तांतर केले नाही, तर पैसे देऊनही त्यांचा कॉपीराइट बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो.

'कागदपत्रांत वेळ घालवण्यापेक्षा आधी बाजारात उतरा,' असे सांगणारे अनुभवी लोकही आहेत. वेग हवाच, फिजेट क्यूबच्या बाबतीत माल उशिरा आला म्हणूनच नकलाकारांचे फावले. पण अर्ज करण्याने मोहीम वर्षभर लांबत नाही. नीट तयारी असेल तर काही आठवड्यांचे काम आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सुरुवात लोकवर्गणीच्याही आधी, अभियांत्रिकी महाविद्यालयांत होते. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प प्रदर्शनांत मांडले जातात, स्पर्धांत परीक्षकांना उघडून दाखवले जातात, यूट्यूबवर टाकले जातात. त्यातला एखादा चांगला निघाला की वर्षभराने 'स्टार्टअप काढू, लोकांकडून पैसे उभे करू' असा विचार होतो. तोवर नवेपणा संपलेला असतो. शिवाय हक्क विद्यार्थ्यांचा की संस्थेचा, हेही कुणी लिहून ठेवलेले नसते. पेटंट कार्यालयाची शाखा मुंबईत अँटॉप हिलला आहे, बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरात आहे. एवढे हाताशी असताना प्रकल्प-प्रदर्शनाच्या नोंदणी अर्जात 'पेटंटचा किंवा डिझाइनचा अर्ज केला आहे का?' हा एक रकाना प्रत्येक महाविद्यालयाने घालावा. उत्तर नकारार्थी असेल, तर फक्त वस्तू काय करते ते दाखवावे. ती कशी करते ते झाकून ठेवावे. वर्गणी गोळा करून देणाऱ्या भारतीय संकेतस्थळांनीही मोहीम मंजूर करण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा.

केंद्र सरकारने कलम ३१ ची व्याप्तीही वाढवायला हवी. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया या देशांनी संशोधकाने स्वतः केलेल्या प्रसिद्धीला वर्षभराची सवलत दिली आहे. ज्या देशात पहिल्या पिढीचे उद्योजक वकिलाच्या सल्ल्याविना, मोबाइलवर व्हिडिओ टाकून काम सुरू करतात, त्या देशाला ही सवलत इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे. अर्थात, ती आली तरी युरोपचे दार तिने उघडणार नाही, म्हणून मोहिमेची तारीख ठरवण्याआधी अर्जाची तारीख ठरवावी लागेलच.