क्रोध कुणावर, सुटका कुणाची?

विमान अटलांटिकवरून चालले आहे आणि मध्यरात्री एकाएकी कितीतरी प्रवासी नाहीसे होतात. आसनांवर उरतात ते फक्त त्यांचे कपडे. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या अमेरिकी लेखकद्वयाच्या 'लेफ्ट बिहाइंड' या १९९५ सालच्या कादंबरीची ही सुरुवात. पुढे तिची १६ पुस्तकांची मालिका झाली आणि सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा असाच हा आकडा. सुरुवातही झकास आहे, नाही असे नाही.

त्यामागची कल्पना अशी: जगाच्या अखेरीस सात वर्षांचे महासंकट येईल, देवाचा क्रोध पृथ्वीवर ओतला जाईल, पण खऱ्या श्रद्धावंतांना येशू त्याआधीच वर उचलून नेईल. उरलेले भोगतील. अमेरिकेतल्या लाखो घरांत ही बायबलची मूळ शिकवण मानली जाते. अशा घरांत वाढलेल्या अनेकांनी पुढे सांगितले आहे, की शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले तर छातीत धस्स व्हायचे. आई शेजारी गेली असेल असे मनात येत नसे. सगळे गेले आणि मीच तेवढा राहिलो, असे वाटायचे. लहान मुलाच्या मनावर हा केवढा भार!

आणि ही शिकवण काही सनातन नाही. उणीपुरी दोनशे वर्षांची आहे. आयर्लंडच्या चर्चमधून बाहेर पडलेल्या जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने १८३०च्या दशकात ती मांडली आणि सायरस स्कोफिल्डच्या १९०९च्या सटीप बायबलाने ती घरोघर नेली. टीप पानाच्या तळाशी असते, पण रोज वाचून वाचून ती वरच्या मजकुराइतकीच पवित्र वाटू लागते. (बँकेत मी उलटे पाहिले. तिथे तळाचा बारीक मजकूर कुणी वाचतच नसे.) आपल्या वसईचे, गोव्याचे कॅथलिक येशू जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला पुन्हा येणार असे रविवारच्या उपासनेत म्हणतात, काहींना आधीच गुपचूप उचलून नेण्याची बात त्यात नाही.

या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे पौलाने इसवी सन ५०च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेले पत्र. तिथली काही माणसे मरण पावली होती आणि मागच्यांना त्यांची चिंता लागली होती. पौल धीर देतो, की आपण सगळेच मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे जाऊ. 'सामोरे जाणे' यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द नगरात येणाऱ्या राजाच्या स्वागताला वेशीबाहेर जाण्यासाठी रूढ होता, याकडे अनेक अभ्यासक बोट दाखवतात. आपल्याकडे सीमांतपूजनाला गेलेली मंडळी वऱ्हाडाला घेऊन गावात परत येतात. वऱ्हाडाबरोबर परस्पर पसार होत नाहीत.

महासंकटाची सारी चित्रे ज्यातून येतात ते 'प्रकटीकरण' मी प्रथम वाचले ते कादंबरीकाराच्या हावरेपणाने. पशू, कर्णे, क्रोधाच्या वाट्या. पण थबकलो ते भलत्याच जागी. तिसरा शिक्का फुटतो तेव्हा काळ्या घोड्यावरचा स्वार तागडी घेऊन येतो आणि भाव पुकारला जातो: दिवसभराच्या मजुरीत एका माणसाच्या पोटापुरते गहू. बायकोमुलांसाठी जव घ्यावे लागणार. तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावायचा नाही! दुष्काळात कुणाच्या ताटातले काय कमी होते, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. अठराव्या अध्यायात बाबेल, म्हणजे सांकेतिक भाषेत रोम, कोसळते तेव्हा व्यापारी रडतात ते आता माल घेणार कोण म्हणून. मालाची यादीच दिली आहे: सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, गुरे, घोडे. गोदामातल्या तारण मालाच्या याद्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे मी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. शेवटची जिन्नस माणसे आहेत.

देवाचा क्रोध म्हटले की सुशिक्षित माणूस हल्ली संकोचतो. मला तो संकोच वाटत नाही. ही यादी वाचून ज्याला राग येत नाही, असा देव त्या यादीतल्या माणसांच्या काय कामाचा? वेदीखालचे हुतात्मे 'किती दिवस वाट पाहायची' असे विचारतात, ते कुणाचे वाईट चिंतावे म्हणून नव्हे. त्यांची फिर्याद दाखल करून घेणारे दुसरे न्यायालय नव्हते. हीच फिर्याद सुखवस्तू माणसाच्या हाती आली, की तिचे सुटकेचे तिकीट होते. आमोस नावाच्या मेंढपाळ संदेष्ट्याने हे ख्रिस्ताच्या सात-साडेसात शतके आधीच ओळखले होते. खोटी तागडी वापरणारे, जोड्याच्या किमतीत गरिबाला विकणारे लोक देवाच्या दिवसाची वाट पाहत होते. त्यांना त्याने बजावले, की तो दिवस तुमच्यासाठी उजेडाचा नाही, अंधाराचा आहे.

'प्रकटीकरणा'तली पत्रे ज्या सात मंडळ्यांना आहेत, त्यांत स्मुर्णा आहे, आजचे तुर्कस्तानातले इझमिर. मंडळी गरीब, आणि पत्रात तिला एकही बोल लावलेला नाही. तरी तिला आश्वासन मिळते ते असे, की तुमच्यातल्या काहींना तुरुंगात टाकतील, दहा दिवस छळ होईल, मरेपर्यंत विश्वासू राहा. दुसऱ्या शतकाच्या मध्यास तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला त्याच शहराच्या क्रीडांगणात जाळण्यात आले.