घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवू नका



बऱ्याच घरांत घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. चौविहार चुकू नये म्हणून. संध्याकाळी ते सोयीचं आहे, कबूल. पण तेच घड्याळ बघून सकाळी नवकारशी पाळली, तर सूर्योदयानंतरची ४८ मिनिटं पुरी व्हायच्या आधीच तोंडात पाणी जातं. मागे पडलेलं घड्याळ संध्याकाळचा नियम मोडतं, पुढे गेलेलं सकाळचा. म्हणून घड्याळ बरोबर ठेवावं आणि पाच मिनिटांची सावधगिरी आपण बाळगावी. (तक्ताही आपल्याच गावाचा हवा. मुंबई आणि नागपूरच्या सूर्योदयात नुसत्या रेखांशामुळे सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो.)

सामायिकात सेलचं घड्याळ जवळ ठेवावं की नाही, यावर मतभेद आहेत. आमच्या घरी ठेवत नाहीत, म्हणून जुनं एचएमटी जनता अजून रोज चालतं. तासाला १८,००० ठोके, म्हणजे एका सामायिकात १४,४००! ‘किल्लीच्या घड्याळाचा काय भरवसा?’ असं मुलं म्हणतात. हिशेब करू. ते दिवसाला २० सेकंद चुकलं, तरी सामायिक हा दिवसाचा तिसावा भाग. त्यात चूक एका सेकंदाच्याही आत. खरी अडचण साठत जाणाऱ्या चुकीची. दोन आठवड्यांत ती साडेचार मिनिटांच्या वर जाते. तेव्हा दर रविवारी वेळ जुळवून घ्यायची, एवढंच.

किल्ली रोज सकाळी एकाच वेळी द्यावी, आणि घड्याळ मनगटावरून काढूनच. बोटांना अडल्यासारखं लागलं की थांबायचं. पुढे-मागे पडण्याची नोंद आठवडाभर कॅलेंडरवर लिहावी. मग रात्री ठेवायची पद्धत बदलून पाहावी: काच वर करून, नाहीतर किल्ली वर करून उभं. प्रत्येक घड्याळाला वेगळं मानवतं, आणि काही सेकंद झाकण न उघडताच सुधारतात. एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं, तर पर्सचं चुंबकाचं बटण किंवा स्पीकर आठवून पाहा. केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळजी ते मिनिटभरात उतरवून देतो.

आतली अधिक-उणेची बारीक दांडी घरी हलवणारे आहेत. हात स्थिर असेल, टेबल स्वच्छ असेल, तर माझी हरकत नाही. पण ती केसभर सरकवून पुन्हा आठवडाभर नोंद ठेवायची तयारी हवी. तेलाला मात्र माझा ठाम विरोध आहे. शिलाई मशीनचं तेल सोडलं की घड्याळ चार दिवस छान चालतं, मग तेल नको तिथे पसरतं, धूळ धरतं आणि सगळं उघडून धुवावं लागतं. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. सुटे भाग आता बऱ्याचदा जुन्या घड्याळांतून काढावे लागतात.

आणि हो, पट्टा चामड्याचा असेल तर आधी तो बदला. नायलॉनचा कुठेही मिळतो.