आधी माती, मग रोपे

संपादक महोदय,

घरच्या घरी पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या चक्राला धरून केलेली बाग, ही परदेशी, खर्चिक हौस असल्याचे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ही संकल्पना पुस्तकरूपाने मांडली हे खरे; पण कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या गटाने पालापाचोळ्यातून सुपीक माती घडवण्याचे तंत्र इथल्या मातीतच रुजवले. खर्च वाढतो तो आधी माती न घडवता थेट रोपवाटिका गाठल्यामुळे. घरी खत करताना दुर्गंधी सुटते हा आक्षेप रास्त आहे, मात्र ओल्या कचऱ्यात पुरेसा सुका पाला मिसळून हवा खेळती ठेवली की ती राहत नाही. गच्चीवर पडणाऱ्या मातीच्या वजनाची भीतीही मी उडवून लावणार नाही. अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे वाफे करूच नयेत. तोवर खिडकीत ऊन किती तास येते ते पाहून टोमॅटो लावायचा की अळू, हे ठरवता येते.

– एक वाचक