माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे!

पावसाळा आला की आमच्या सोलापूरकडे वृक्षारोपणाचे फोटो सुरू. दिसला मोकळा माळ की खणा खड्डे! मी झाडांच्या विरोधात नाही हो. पण नान्नजच्या माळावर झाडी वाढवून माळढोक कसा वाचणार, ते सांगा.

हा पक्षीच उघड्यावरचा. कमी पाऊस, बुटकं गवत, हेच त्याचं घर. मादी जमिनीवरच बहुधा एकच अंडं घालते. शत्रू लांबूनच दिसला तर बचाव. नर गळ्याची पिशवी फुगवून नाचतो तोही मोकळ्यावर, मादीला दिसावं म्हणून. झाडी झाली की दोन्ही संपलं. त्यात विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. ऐनवेळी वळणार कसा?

१९७९ साली अभयारण्य झालं, त्यात खासगी शेतंही आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. तो राग खोटा नव्हता.

वडिलांनी मला सायकलवर नेऊन माळढोक दाखवला होता. मी लेकीला नुसता माळ दाखवून आणलं. निदान तो तरी राहू द्या. यंदा खड्डे खणायच्या आधी तिथल्या एखाद्या धनगराला विचारा, इथं गवत कुठलं येतं म्हणून.